पोर्टल सहाला बंद होतं

सकाळी ६.१०

कढईत भोगीची भाजी रटरटतेय. सोलाणे, पावटे, गाजर, वांगं, वरून तिळाचं कूट. ओट्यावरचा फोन मिनिटामिनिटाला थरथरतोय. रात्री साडेअकरानंतर एकोणीस मेसेज आलेत आणि त्यातल्या चौदांचा मथितार्थ एकच: 'मॅडम, टॅक्स वाचवायला अजून काही करता येईल का?' आज १३ जानेवारी २०२६. आर्थिक वर्ष संपायला अडीच महिने उरलेत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी मी दरवर्षी त्या घोड्याला दाणापाणी करते, धंदाच आहे माझा तो.

मी सीए. कोथरूडात पहिल्या मजल्यावर ऑफिस, तीन टेबलं, एक आर्टिकल, म्हणजे शिकाऊ सीए. वर्षभर दुकानदार, डॉक्टर, सोसायट्यांची ऑडिटं. जानेवारी मात्र पगारदारांचा. आज हिंजवडीतल्या एका कंपनीने 'टॅक्स हेल्पडेस्क'साठी बोलावलंय. गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे, म्हणजे 'प्रूफं', पोर्टलवर चढवायची शेवटची वेळ आज संध्याकाळी सहा. ज्याचं प्रूफ नाही त्याची सूट पेरोलवाले काढून टाकतात आणि राहिलेला सगळा टीडीएस पुढच्या तीन पगारांतून कापतात. मार्चचा पगार मग अंग चोरून खात्यात येतो. त्यात फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स दोनशेऐवजी तीनशे. शंभर रुपयांचीच बाब, पण माणसं चिडतात ती तिच्यावरच.

७.०५

आईच्या मैत्रिणीचा औंधहून फोन. वय ७४. "अगं, तो भाडेकरू मुलगा पॅन नंबर मागतोय. देऊ का? इन्कम टॅक्सवाले घरी तर नाही ना येणार?"

भाडेकरूला घरभाड्याची सूट हवी असते आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की त्याला घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. घरमालकाला वाटतं, पॅन दिला की घरावर टाच आली. काकूंचं भाडं महिना २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. त्यातले ३० टक्के कायदाच सरसकट वजा करू देतो, राहिले २ लाख ३५ हजार २००. काकांची फॅमिली पेन्शन आणि एफडीचं व्याज धरूनही सात-आठ लाखांच्या पलीकडे गाडी जात नाही आणि नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही.

"द्या पॅन. रिटर्न मी भरून देते. कर शून्य."

"शून्य?"

"शून्य."

पलीकडे बराच वेळ शांतता. "मग गेली दोन वर्षं मी त्याला कार्ड हरवलंय म्हणून उगीच सांगत होते की गं!"

त्या मुलाची दोन वर्षांची सूट बुडाली, ते मी काकूंना सांगितलं नाही. सणाचा दिवस.

८.००

चांदणी चौकातून बायपासला लागलो. परवा महापालिकेचं मतदान, त्यामुळे वाकडच्या सिग्नलला तीन पक्षांच्या तीन रिक्षा आणि तीन गाणी. पुढे मेट्रोच्या खांबांखालून गाड्या मुंगीच्या पावलांनी. आमची आर्टिकल शेजारी बसून लॅपटॉपवर स्लॉट बघतेय. मूळची बार्शीची, दुसरं वर्ष.

"मॅडम, एवढे पगार असून ही माणसं इतकी कावलेली का असतात?"

मी म्हटलं, क्रियापद बघ. दुकानदार कर भरतो. पगारदाराचा कर कापला जातो. दुकानदार पेट्रोल, फोन, नोकराचा पगार, सगळं वजा करून मग उरलेल्यावर हिशोब मांडतो. पगारदाराला खर्च म्हणून सरकार एकच ठोक रक्कम देतं: नव्या पद्धतीत ७५ हजार, जुन्या पद्धतीत ५० हजार. बाकी त्याच्या हातात काय असतं? पगाराची रचना. म्हणजे सीटीसीतला कुठला रुपया कुठल्या नावाने द्यायचा. ती ठरते एप्रिलमध्ये, नोकरी लागताना किंवा बढतीच्या पत्रात. त्या दिवशी आपला माणूस पेढे वाटत असतो.

९.३०

मीटिंग रूमचं नाव 'तोरणा'. शेजारी 'राजगड', त्यात एचआर. प्रत्येकाला वीस मिनिटं.

साडेनऊवाला तिशीतला, पगार ३८ लाख. पहिला प्रश्न अर्थातच: जुनी पद्धत की नवी? मी फळ्यावर फक्त एक आकडा लिहिते: ८,००,०००. पगार पावणेपंचवीस लाखांच्या वर असेल तर स्टँडर्ड डिडक्शन सोडून बाकीच्या वजावटी आठ लाखांच्या पुढे गेल्या तरच जुनी पद्धत परवडते. नव्या पद्धतीत २४ लाखांपर्यंत कर होतो ३ लाख आणि त्यापुढे ३० टक्के. जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांचा वरवंटा १० लाखांपासूनच सुरू होतो. ती दरी भरून काढायला आठ लाखांची माती लागते.

त्याची माती मोजली. भाडं महिना ४२ हजार, वर्षाचं ५ लाख ४ हजार. बेसिक १५ लाख २० हजार, त्याचे दहा टक्के भाड्यातून वजा केले की घरभाड्याची सूट ३ लाख ५२ हजार. पुणं या नियमात महानगर नाही, आपल्याला बेसिकच्या ४० टक्क्यांचीच मर्यादा, मुंबईला ५०. पण याचा आकडा त्याच्या आतच आहे. ८० सीचे दीड लाख. एनपीएसचे स्वतःचे ५० हजार. मेडिक्लेम स्वतःचा २५ हजार, साठीपुढच्या आईवडिलांचा ५० हजार. बेरीज ६ लाख २७ हजार. आठाला पावणेदोन कमी. जुनी पद्धत धरली तर ५४ हजार जास्त जातील.

"घर घेतलं तर?" म्हणाला. राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाचे जास्तीत जास्त दोन लाख. मग बेरीज ८ लाख २७ हजार आणि जुन्या पद्धतीत फायदा होईल ८ हजार ४०० रुपयांचा. तोही घर घेऊन भाड्याच्या घरात राहणं पटवता आलं तर. हसला बिचारा.

मग त्याने फोल्डरमधून एक विम्याची पॉलिसी काढली. मामा एजंट आहेत, वर्षाला ६० हजार हप्ता, दोन हप्ते भरून झालेत, टॅक्ससाठी घेतली. मी त्याची सॅलरी स्लिप त्याच्यासमोर फिरवली आणि एका ओळीखाली पेन्सिल ओढली. पीएफ, १५,२००. बारा महिन्यांचे १ लाख ८२ हजार ४००. म्हणजे ८० सीची दीड लाखाची घागर त्याच्या स्वतःच्या पीएफनेच भरून सांडत होती. त्या पॉलिसीने दोन वर्षांत एक रुपयाचाही कर वाचवला नव्हता. तो ओळीकडे बघत राहिला. ती ओळ दर महिन्याला त्याच्या मेलमध्ये येत होती.

१०.१०

पुढच्याने भाड्याच्या बारा पावत्या आणल्यात. महिना ३० हजार, घरमालक वडील, प्रत्येक पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावरून गेलेली सही. मी पावत्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. एप्रिल ते मार्च, एकच निळं जेल पेन, एकच उतार. आणि स्टॅम्पच्या कडा! एप्रिलच्या स्टॅम्पची उजवी कड तिरकी फाटलीये, मेच्या स्टॅम्पची डावी कड तश्शीच तिरकी. दोन पावत्या जवळ सरकवल्या की दोन स्टॅम्प जिगसॉच्या तुकड्यांसारखे जुळतात. बारा महिन्यांचं भाडं एका दुपारी, एका पट्टीतून. फेब्रुवारी आणि मार्च तर अजून यायचेत, पावत्या मात्र आल्या.

मी काही बोलले नाही, नुसत्या कडा जुळवून दाखवल्या. तो म्हणाला, "सगळेच करतात."

करत होते. गेल्या वर्षीपासून रिटर्नमध्येच भाड्याचा तपशील, विम्याचा पॉलिसी नंबर, कर्जाचा खातेक्रमांक मागायला लागलेत. तुमच्या फॉर्मातला पॅन आणि वडिलांच्या रिटर्नमधलं उत्पन्न जुळवणं हे आता माणसाचं काम राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर प्राप्तिकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी एकदम कारवाई केली. खोटी माहिती देऊन कर बुडवला तर दंड कराच्या दुप्पट, शिवाय मूळ कर आणि व्याज.

पण वडिलांना भाडं देणं हा काही गुन्हा नाही. फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, तू त्यांच्याकडे राहतोस, दर महिन्याला बँकेतून खरंच पैसे पाठव, साधा करार कर, ते रिटर्नमध्ये दाखवतील. ३ लाख ६० हजारांतून ३० टक्के त्यांना वजा मिळतील. त्यांचं बाकी उत्पन्न किती? "पेन्शन, साडेचार लाख." म्हणजे त्यांना कर नाहीच. खरं केलं असतं तरी घरातला कर वाचलाच असता, फक्त एप्रिलपासून पाठवायला हवे होते. एप्रिलपासून.

पावत्या परत खिशात गेल्या. पोर्टलवर चढतील की नाही, माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून तरी चढतील असं वाटलं.

१०.४५

एलटीएवाला, म्हणजे प्रवासभत्त्याचा. केरळची सहल, हॉटेलची बिलं, हाउसबोट, हत्तीवरची फेरी. चालतं फक्त प्रवासाचं भाडं, तेही भारतातलं आणि जुन्या पद्धतीतच. चार वर्षांत दोनदा. २०२२ ते २०२५ हा ठोकळा डिसेंबरात संपला, न वापरलेला एक प्रवास २०२६ मध्ये ओढता येतो. विमानाची तिकिटं ठेवली, हत्ती परत दिला.

११.३०

साडेअकरावाल्या बाई टीम सांभाळतात. चाळिशीच्या, हातात कागद नाही, फक्त वही. अशी माणसं मला आवडतात. नवी पद्धत आधीच निवडलीये. पगार, बोनस, एफडीचं व्याज असं सगळं धरून, ७५ हजार वजा जाऊन एकूण उत्पन्न ५० लाख ६० हजार.

मी पेन खाली ठेवलं. उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेलं की दहा टक्के सरचार्ज लागतो, तोही सगळ्या करावर. ५० लाखांवर कर १० लाख ८० हजार. एक पाऊल पुढे टाकलं की त्यावर लाखभर सरचार्ज. इतकं अन्यायाचं होऊ नये म्हणून कायद्यात एक पायरी ठेवलीये: ५० लाखांच्या वर जितके रुपये मिळवलेत, तेवढाच कर वाढेल, जास्त नाही. ऐकायला दयाळू वाटतं. अर्थ असा की वरचे ६० हजार सगळेच्या सगळे सरकारचे, वर त्यावर चार टक्के सेस. त्यांचा एकूण कर ११ लाख ८५ हजार ६००.

"एनपीएस आहे का तुमचं?"

होतं, आधीच्या कंपनीतलं, झोपलेलं.

नव्या पद्धतीत पगारदाराला मोठी म्हणावी अशी वजावट उरलीये ती ही एक: कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुम्ही स्वतः भरलेले चालत नाहीत, कंपनीच्या हातून जायला हवेत. पैसे तुमच्याच सीटीसीतले, स्पेशल अलाउन्स तेवढा कमी होतो, एवढंच. जुन्या पद्धतीत खासगी नोकरदाराला ही मर्यादा १० टक्के. बाईंचं बेसिक महिना १ लाख ८० हजार, त्याचे १४ टक्के २५ हजार २००. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मिळून ७५ हजार ६००. उत्पन्न येतं ४९ लाख ८४ हजार ४००. पन्नासच्या खाली. कर ११ लाख १८ हजार ३३३.

त्यांनी वहीत वजाबाकी केली, मग पुन्हा केली. कर कमी झाला ६७ हजार २६७. म्हणजे पेन्शनच्या खात्यात ७५ हजार ६०० जमले आणि हातातून प्रत्यक्षात गेले ८ हजार ३३३.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

एप्रिलमधल्या मेलमध्ये होतं, पाचव्या पानावर. मी ते बोलले नाही. पैसे लांबच्या मुदतीला अडकतात आणि बाहेर पडताना काही भागाची पेन्शन घ्यावीच लागते, हे मात्र आवर्जून सांगितलं. लोकांना कर वाचल्याचं लक्षात राहतं, अडकल्याचं राहत नाही. पुढे शिव्या मला. त्यांना चालणार होतं. शेजारच्या 'राजगडा'त गेल्या. पाच मिनिटांत परत: "ते म्हणतात, पगाराची रचना एप्रिलमध्येच बदलते." मी त्यांना तीन ओळींचा मेल लिहून दिला, कलमाच्या नंबरासकट. एचआरला नंबर दिसला की जरा विचार करतात.

१.३०

कँटीनच्या कोपऱ्यात डबा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. आर्टिकलच्या आईने बार्शीहून कडक भाकरी पाठवलीये, तीही फोडून खाल्ली. शेजारच्या टेबलावर जेवणाच्या कुपनांवरून वाद चाललेला: एका जेवणामागे ५० रुपये करमुक्त. तेही फक्त जुन्या पद्धतीत. पन्नास रुपयांत हिंजवडीत जेवण मिळत असेल तर पत्ता मलाही हवाय.

२.१५

सव्वादोनवाल्याची मांडणी तयारच होती. पगार ५५ लाख. राजीनामा द्यायचा, त्याच कंपनीला 'कन्सल्टंट' म्हणून बिल लावायचं, कलम ४४ एडीएखाली निम्मंच उत्पन्न दाखवायचं. हिशोबही बरोबर होता. पगारावर कर १३ लाख ८१ हजार. निम्म्यावर, म्हणजे साडेसत्तावीस लाखांवर, ४ लाख २१ हजार. साडेनऊ लाखांचा फरक.

"तुम्ही पण तेच वापरता ना मॅडम?" त्याने डोळे बारीक करून विचारलं.

वापरते. माझी मिळकत रोखीत नाही, मर्यादा ७५ लाखांची आहे, मी तिच्या कितीतरी आत. पण ऑफिसचं भाडं, आर्टिकलचा स्टायपेंड, सॉफ्टवेअर, गाडीचं पेट्रोल हे सगळं त्या सोडलेल्या निम्म्यातूनच जातं. आजारी पडले तर पगार नाही.

मी त्याला पाच प्रश्न विचारले. खुर्ची तीच राहणार? हो. साहेब तोच? हो. सुट्टी त्याच्याकडूनच मंजूर? हो. दुसरा क्लायंट? नाही. गळ्यातलं कार्ड? त्याने कार्डाकडे पाहिलं. याला व्यवसाय म्हणत नाहीत. नोकरीच ही, बिल लावलेली. खात्याने उलगडलं तर सगळं पगार धरून परत येईल. शिवाय २० लाखांच्या वर जीएसटीची नोंदणी, पीएफ बंद, ग्रॅच्युइटी बंद, कंपनीचा मेडिक्लेम बंद, आणि मंदीत पहिलं नाव तुझं. तीन-चार क्लायंट जमव, खरंच स्वतःच्या जबाबदारीवर काम कर, मग ये. कागद मी करीन. "विचार करतो," म्हणाला. पुढच्या जानेवारीत पुन्हा येईल, बहुतेक गळ्यात तेच कार्ड घालून.

३.१५

आजच्या दिवसातला सगळ्यात दुखरा.

मूळ कंपनी अमेरिकेतली, त्यामुळे याला दरवर्षी शेअर मिळतात. शेअर ज्या दिवशी त्याच्या नावावर झाले, त्या दिवशीची किंमत पगारात मिळवून कंपनीने कर कापला. त्यासाठी काही शेअर परस्पर विकलेही. उरलेले त्याने आठ महिन्यांनी विकले, ९ लाखांना. आणि रिटर्न स्वतःच भरलं, खरेदीची किंमत शून्य लिहून. "मी पैसे कुठे दिले होते?"

दिले होते. पगारात मिळवलेली ती किंमत, ८ लाख ६० हजार, हीच कायद्याने त्याची खरेदी. नफा फक्त ४० हजार. त्याने ८ लाख ६० हजारांवर दुसऱ्यांदा कर भरला. ३१.२ टक्के, २ लाख ६८ हजार ३२० रुपये.

"मग रिटर्न सुधारू या."

गेल्या वर्षीचं रिटर्न सुधारायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर होती. तेरा दिवसांपूर्वीची. चार वर्षांपर्यंत 'अपडेटेड रिटर्न' भरता येतं, पण ते सरकारला जास्त द्यायचं असेल तरच. परत घ्यायचं असेल तर तो दरवाजा उघडत नाही. आयुक्तांकडे अर्ज करण्याचा एक रस्ता आहे, लांबचा. करू. त्याने पाणी मागितलं. आर्टिकलने स्वतःची बाटली पुढे केली.

मी त्याच्याकडून बाकीचं तपासून घेतलं. उरलेले शेअर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवले होते का? नव्हते. तो तक्ता आर्थिक वर्षाचा नसतो, जानेवारी ते डिसेंबर असतो, आणि तो लपवल्याचा दंड काळ्या पैशाच्या कायद्यातला. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले होते, त्याचं क्रेडिट इथे मिळतं, त्यासाठी फॉर्म ६७. तोही भरलेला नाही. एवढ्या हुशार मुलाने रविवारी दुपारी चाळीस मिनिटांत रिटर्न उरकलं होतं. कोड तो चार जणांकडून तपासून घेतो.

४.००

कॉफीच्या मशिनपाशी एकजण जवळ सरकला. स्लॉट नव्हता त्याचा. आवाज खाली: "एका पक्षाला देणगी दाखवायची, पाच टक्के कापून बाकी रोख परत. आमच्या मजल्यावर पाच-सहा जणांनी केलंय." नावही न ऐकलेलं त्या पक्षाचं. मी म्हटलं, ज्याने परत दिले त्याच्या वहीत तुमचं नाव आहे, आणि ती वही खात्याच्या हाती लागते. मजल्यावर सांगा. कॉफी तशीच टाकून गेला. मला वाईट वाटलं नाही.

४.१०

तिघे भराभर झाले. एकाला बायकोच्या नावावर एफडी करायची होती: व्याज परत तुमच्याच उत्पन्नात. आईच्या नावावर चालेल, पण पैसे मग खरोखर आईचे. भावाला विचारून करा. दुसऱ्याने १८ लाखांची गाडी घेतलीये, शोरूमने एक टक्का टीसीएस घेतला, १८ हजार. फॉर्म १२ बीएए भरून कंपनीला दिलात तर मार्चच्या टीडीएसमधूनच वळता होतो, रिफंडची वाट बघायला नको. हे ऐकून तो इतका खूश झाला की मला वाटलं गाडीची फेरी मारून आणतो. तिसरी भाडं महिना ५५ हजार देते आणि त्यावर स्वतः दोन टक्के कापून भरायचे असतात हे तिला आजच कळलं. आर्टिकलने पोर्टल उघडून दाखवलं. मी दोन मिनिटं खिडकीतून सूर्य बघितला.

५.५२

'राजगडा'तून साडेअकरावाल्या बाईंना मेल आला. मान्य, पण जानेवारीचा पेरोल गोठलाय, एनपीएस फेब्रुवारीपासून. कायदा १४ टक्के वर्षाच्या पगारावर मोजतो, तेव्हा राहिलेल्या दोन महिन्यांत जास्तही भरता आले असते. पेरोलचं सॉफ्टवेअर मात्र महिन्यावर मोजतं आणि त्याच्याशी कुणी वाद घालत नाही. एचआरची मुलगी तरी काय करणार, तिलाही सहाला पोर्टल बंद करायचं होतं.

६.०० ला ते बंद झालं. मजल्यावर कुणीतरी शाळा सुटल्यासारखी शिट्टी वाजवली.

७.१५

वाकडचा सिग्नल. प्रचार संपलाय, रिक्षा गप्प उभ्या. फोन स्पीकरवर, पलीकडे त्याच बाई.

"दोन महिन्यांचे ५० हजार ४०० जातील म्हणजे. मी काढलं, उत्पन्न ५० लाख ९ हजार ६०० उरतं. कर ११ लाख ३३ हजार १८४. बरोबर?"

"बरोबर. ५२ हजार ४१६ वाचले."

"म्हणजे भरले त्याच्यापेक्षा जास्त वाचले?"

"हो."

"आणि वर उरले ९ हजार ६००. ते नसते मिळाले तर कर किती झाला असता?"

आर्टिकलने माझ्याआधी लॅपटॉपवर काढलं. "११ लाख २३ हजार २००."

बाई थोडा वेळ गप्प. वजाबाकी करत असाव्यात.

"म्हणजे मॅडम, मी ९ हजार ६०० मिळवले म्हणून ९ हजार ९८४ भरायचे?"

"हो."

सिग्नल सुटला.